दोन जनुकांच्या मधलं जग: वनस्पतींमधला पुनरावृत्त डीएनए आणि जेफ्री बेनेट्झन यांचं संशोधन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुनरावृत्त डीएनए म्हणजे नेमकं काय?

डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ असते. पेशीतल्या एका पूर्ण संचातली सगळी अक्षरं मिळून त्या सजीवाचा जीनोम होतो. प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली जनुकं या ओळीत तुरळक असतात. उरलेल्या भागात बराचसा मजकूर पुन्हा पुन्हा येतो, काही तुकडे शेकडो वेळा तर काही हजारो वेळा. हाच पुनरावृत्त डीएनए.

त्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात तोच छोटा तुकडा एकाला लागून एक येत राहतो. बहुतेक वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीटीएजीजीजी ही सात अक्षरं अशीच ओळीनं असतात. दुसऱ्या प्रकारातले तुकडे जीनोमभर विखुरलेले असतात आणि स्वतःच्या प्रती तयार करून नव्या जागी घुसू शकतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. वनस्पतींमध्ये सगळ्यात जास्त जागा व्यापतात ते त्यांच्यातलेच रेट्रोट्रान्सपोझॉन. त्यांच्यापासून आधी आरएनए, म्हणजे डीएनएची तात्पुरती नक्कल, बनतो, त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिला जातो आणि ही नवी प्रत दुसरीकडे जाऊन बसते. जुनी प्रत आहे तिथेच राहते, त्यामुळे अशा प्रत्येक उडीनंतर जीनोम थोडा वाढतो.

कांद्याचा जीनोम माणसाच्या जीनोमपेक्षा मोठा आहे, हे खरं का?

खरं आहे. माणसाचा जीनोम सुमारे ३.१ अब्ज अक्षरांचा आहे आणि कांद्याचा सुमारे १६ अब्जांचा, म्हणजे पाचपट. लसूणही साधारण तेवढाच. याचा अर्थ कांद्यात पाचपट जनुकं असतात असा नाही. फरक आहे तो पुनरावृत्त भागाचा.

एकाच गवत कुळातली आपली धान्यं पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. भाताचा जीनोम सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, ज्वारीचा ७३ कोटींच्या आसपास, बाजरीचा १.८ अब्ज, मक्याचा २.३ अब्ज आणि गव्हाचा तब्बल १६ अब्ज. गहू तीन जीनोम एकत्र येऊन बनलेला आहे. ते तिघे वेगळे काढले तरी प्रत्येक भाताच्या निदान दहापट भरतो. भातात ट्रान्सपोझॉनचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे, मका आणि गव्हात ८५ टक्क्यांच्या घरात.

टोकं याहून थक्क करणारी आहेत. युट्रिक्युलेरिया गिब्बा या पाण्यातल्या कीटकभक्षी वनस्पतीचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो जेमतेम ८ कोटी अक्षरांचा निघाला. न्यू कॅलेडोनियातल्या ट्मेसिप्टेरिस ओब्लान्सिओलाटा या नेचेवर्गीय वनस्पतीचा जीनोम २०२४ मध्ये मोजला गेला, तो १६० अब्ज अक्षरांचा. एवढा मोठा जीनोम आजवर दुसऱ्या कोणत्याच सजीवात मोजलेला नाही.

हा डीएनए पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला?

दोन वेगळ्या वाटांनी शोध लागला. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून दाखवलं की काही आनुवंशिक घटक गुणसूत्रावरची जागा बदलतात. त्या कामाला नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. दुसरी वाट रसायनशास्त्राची. रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांनी १९६८ मध्ये डीएनएचे तुकडे तापवून त्यांचे दोन धागे सुटे केले आणि ते पुन्हा जुळायला किती वेळ लागतो हे मोजलं. ज्या तुकड्याच्या भरपूर प्रती असतात त्याला जोडीदार लवकर सापडतो. त्या जुळणीच्या वेगावरूनच पुनरावृत्त भाग किती हे कळलं. पुढे केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्लॅव्हेल यांच्या गटानं हीच पद्धत अनेक वनस्पतींवर वापरली. जीनोम जितका मोठा तितका त्यातला पुनरावृत्त भाग जास्त, हे त्यांनी १९७४ मध्ये मांडलं.

मग बेनेट्झन यांच्या संशोधनाचं वेगळेपण काय?

पुनरावृत्त डीएनए किती आहे हे तोवर माहीत होतं. तो जनुकांच्या मध्ये कसा बसलेला आहे, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. वनस्पतींच्या जीनोमचे अभ्यासक जेफ्री बेनेट्झन तेव्हा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. फिलिप सॅनमिगेल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मक्याच्या जीनोममधला २,८०,००० अक्षरांचा एक सलग पट्टा निवडला आणि तो बारकाईनं तपासला. १९९६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या पट्ट्यात एडीएच-१ हे जनुक आहे. शेतात पाणी साचलं आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की मक्याचं रोप या जनुकाच्या जोरावर तग धरतं. त्यामुळे ते आधीपासून ओळखीचं होतं. आता त्याच्या आजूबाजूला काय दिसलं ते पाहा. एक रेट्रोट्रान्सपोझॉन बसलेला आहे. त्याच्या मधोमध दुसरा घुसलेला आहे, आणि त्या दुसऱ्याच्या पोटात तिसरा. आजी एक गोष्ट सांगता सांगता तिच्यात दुसरी सुरू करते, दुसरीत तिसरी, आणि मग एकेक संपवत पहिलीच्या उरलेल्या भागाकडे येते, तसा हा मजकूर वाचावा लागतो. बाहेरच्या घटकाचा अर्धा भाग डावीकडे सापडतो आणि उरलेला अर्धा हजारो अक्षरं ओलांडल्यावर उजवीकडे. मधलं सगळं नंतर आलेलं.

अशा घटकांची दहा कुटुंबं, म्हणजे एकमेकांसारख्या प्रतींचे गट, त्या पट्ट्यात मिळाली. त्यांना हक, ओपी, जी अशी नावं दिली गेली. काही कुटुंबांच्या संपूर्ण जीनोममध्ये जेमतेम दहा प्रती होत्या, तर काहींच्या ३०,००० पर्यंत. पट्ट्याचा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्यांनीच व्यापला होता, आणि मक्याच्या एकूण डीएनएपैकी निदान निम्मा याच कुटुंबांचा आहे असा हिशेब निघाला. पूर्ण मक्याचा जीनोम २००९ मध्ये वाचून झाला, तेव्हा ट्रान्सपोझॉनचा आकडा ८५ टक्क्यांवर गेला.

या सगळ्या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. याच गटानं १९९९ मध्ये मक्याच्या या भागाशेजारी ज्वारीचा तोच भाग ठेवला. ज्वारी आणि मका ही जवळची भावंडं, सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. मक्यात २,२५,००० अक्षरांवर पसरलेली नऊ जनुकं ज्वारीत त्याच क्रमानं, फक्त ७८,००० अक्षरांत मिळाली, आणि त्यांच्याबरोबर मक्यात त्या जागी नसलेली काही जास्तीची जनुकंसुद्धा. मक्यात मधली जागा रेट्रोट्रान्सपोझॉननी भरलेली होती, ज्वारीच्या त्या तुकड्यात ते नव्हते. दोन पिकांच्या जीनोममधलं अंतर कुठून आलं, हे इतक्या थेटपणे याआधी दिसलं नव्हतं.

एखादा रेट्रोट्रान्सपोझॉन किती वर्षांपूर्वी घुसला, हे कसं कळतं?

ही युक्ती फार सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या घटकांच्या दोन्ही टोकांना एकसारखा मजकूर असतो. नवी प्रत बनताना ही दोन्ही टोकं एकाच साच्यावरून तयार होतात, त्यामुळे घुसण्याच्या क्षणी ती तंतोतंत सारखी असतात. त्यानंतर प्रत्येक टोकात आपापली उत्परिवर्तनं साठत जातात. आज दोन्ही टोकं शेजारी मांडून फरक मोजायचे आणि बदलाच्या वेगानं भागायचं, की वय मिळतं. प्रत्येक घटक आपली जन्मतारीख अशी स्वतःबरोबर बाळगून असतो.

बेनेट्झन यांच्या गटानं गवत कुळातल्या जनुकांवरून काढलेला वेग वापरला. तो दर अक्षरामागे दर अब्ज वर्षांना सुमारे ६.५ बदल असा होता. समजा टोक १,००० अक्षरांचं आहे आणि दोन टोकांत १३ जागी फरक आहे. बदल दोन्ही टोकांत झालेले असल्यामुळे वेग दुप्पट धरायचा, म्हणजे दर अब्ज वर्षांना १३. १,००० अक्षरांत १३ फरक म्हणजे अक्षरामागे ०.०१३. त्याला १३ नं भागलं की अब्जाचा हजारावा भाग, म्हणजे वय निघतं १० लाख वर्षं.

एडीएच-१ भोवतीचे घटक असे मोजल्यावर सगळेच्या सगळे गेल्या ६० लाख वर्षांत आलेले निघाले, बहुतेक तर गेल्या ३० लाखांत. आणि गोष्टीत गोष्ट असलेल्या त्या रचनेत आतला घटक बाहेरच्यापेक्षा तरुण असायला हवा, तसंच आढळलं. एकाच भागातून मिळालेल्या दोन स्वतंत्र खुणा एकमेकींना पुष्टी देत होत्या. यावरून गटानं १९९८ मध्ये मांडलं की या काळात मक्याचा जीनोम साधारण १.२ अब्ज अक्षरांवरून २.४ अब्जांवर गेला, म्हणजे दुप्पट झाला.

पुढे भातावर काम करताना बेनेट्झन आणि जियानशिन मा यांना आढळलं की रेट्रोट्रान्सपोझॉनमधली अक्षरं जनुकांतल्या अक्षरांपेक्षा साधारण दुप्पट वेगानं बदलतात. हा वेग धरला तर वर दिलेल्या तारखा निम्म्या होतात आणि ही वाढ आणखी अलीकडची ठरते. जुन्या लेखांतल्या वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना कोणता वेग वापरला आहे ते आधी बघावं, नाहीतर गोंधळ उडतो.

म्हणजे वनस्पतींचा जीनोम फुगतच जातो का?

हा प्रश्न बेनेट्झन आणि एलिझाबेथ केलॉग यांनी १९९७ मध्ये स्वतःच जाहीरपणे विचारला होता. वाढीचा पुरावा हातात होता, घट होत असल्याचा नव्हता. मग जीनोमचा प्रवास एकाच दिशेनं चालला आहे का?

उत्तर मिळायला काही वर्षं लागली आणि ते याच गटाच्या कामातून आलं. कात्रिएन देवोस आणि सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये त्यांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात रेट्रोट्रान्सपोझॉनचे अवशेष तपासले. डीएनए तुटल्यावर जोडणी चुकते आणि लहान लहान तुकडे गळून पडतात. अशा असंख्य छोट्या गळतींनी हे घटक झिजत जातात, हे त्यातून दिसलं. शिवाय एका घटकाची दोन टोकं एकमेकांशी जुळली तर मधला सगळा भाग निघून जातो आणि मागे एकच टोक उरतं. अशी एकटी पडलेली टोकं जीनोममध्ये जागोजागी सापडतात. २००४ मध्ये भाताचा हिशेब लागला. गेल्या ८० लाख वर्षांत भातानं रेट्रोट्रान्सपोझॉनची निदान १९ कोटी अक्षरं गमावली आहेत. आज भाताचा अख्खा जीनोम ३९ कोटींचा आहे हे लक्षात घेतलं, तर ही गळती किती प्रचंड आहे ते कळतं.

जीनोमचा आकार हा आवक आणि जावक यांचा ताळेबंद आहे. मका मोठा का, हे विचारताना किती घटक आले एवढंच पाहून भागत नाही, किती लवकर गेले हेही पाहावं लागतं. पुनरावृत्त डीएनएबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

आपल्याकडच्या पिकांमध्ये याचं ठळक उदाहरण कोणतं?

कापूस. विदर्भ-मराठवाड्यातला देशी कापूस, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, आणि पेरूमधला रानटी गॉसिपियम रायमोंडी, या दोघांतही गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात आणि जनुकांची संख्याही जवळपास सारखी. तरी देशी कापसाचा जीनोम सुमारे १.७ अब्ज अक्षरांचा आणि रायमोंडीचा ९० कोटींच्या आत. हा दुपटीचा फरक रेट्रोट्रान्सपोझॉनमुळे पडला. एकाच्या वंशात ते जोमानं वाढले, दुसऱ्याच्या वंशात तसे वाढले नाहीत. १० ते २० लाख वर्षांपूर्वी या दोन घराण्यांच्या पूर्वजांचा संकर होऊन अमेरिकन कापूस तयार झाला. आज शेतात दिसणारा बीटी संकरित कापूस याच जातीचा आहे, म्हणजे त्याच्या प्रत्येक पेशीत एक फुगलेला आणि एक आटोपशीर असे दोन्ही जीनोम शेजारी नांदतात.

भाताच्या रानटी भाईबंदांतही असंच घडलं. ओरायझा ऑस्ट्रेलिएन्सिस या ऑस्ट्रेलियातल्या जातीचा जीनोम गेल्या ३० लाख वर्षांत फक्त तीन रेट्रोट्रान्सपोझॉन कुटुंबांमुळे दुप्पट झाला.

हा सगळा कचरा आहे का?

‘जंक डीएनए’, म्हणजे कचरा डीएनए, हा शब्द आनुवंशशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये रूढ केला. आता काही लेखांत उलट टोक गाठून प्रत्येक अक्षराला काहीतरी काम आहे असं लिहिलं जातं. मला दोन्ही पटत नाहीत. कांद्याला माणसाच्या पाचपट माहिती कशासाठी लागेल, याचं समाधानकारक उत्तर कोणी देऊ शकत नाही, आणि ही कसोटी जीनोमच्या आकाराचे अभ्यासक टी. रायन ग्रेगरी यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पुढे ठेवली आहे. बहुतेक प्रती वनस्पतीच्या गरजेसाठी आलेल्या नाहीत. त्यांना स्वतःच्या प्रती काढता येतात म्हणून त्या आहेत.

पण त्यांचे परिणाम होतातच. मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचं कारण १९९० मध्ये सापडलं, ते म्हणजे पिष्ट बनवणाऱ्या जनुकात घुसलेला सुमारे ८०० अक्षरांचा एक ट्रान्सपोझॉनसारखा तुकडा. पांढऱ्या द्राक्षांना काळा-लाल रंग येत नाही, कारण रंगाचं नियंत्रण करणाऱ्या जनुकाजवळ ग्रेट-१ हा रेट्रोट्रान्सपोझॉन बसून ते बंद पाडतो. नाशिक-सांगलीच्या बागांमधली थॉम्पसन सीडलेस याच पांढऱ्या गटातली. टेओसिंटे या मक्याच्या रानटी पूर्वजाच्या झुडपातून एकाच ताटाचा मका घडला, त्यातही एका रेट्रोट्रान्सपोझॉनचा हात आहे. तो फांद्या रोखणाऱ्या जनुकापासून साठेक हजार अक्षरं दूर बसून त्या जनुकाचं काम वाढवतो. तो घुसला त्यानंतर हजारो वर्षांनी माणसानं मका लावायला घेतला. शेतकऱ्यानं निवडली ती आधीच झालेली उडी.

वनस्पती या घटकांना आवर कसा घालते?

डीएनएवर मिथाइल गट या छोट्या रासायनिक तुकड्याच्या खुणा करून आणि छोट्या आरएनएंच्या मदतीनं. या पहाऱ्यामुळे बहुतेक घटक गप्प असतात. पहारा सैल पडला की काही जागे होतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये उष्णतेच्या ताणानं ओन्सेन हा घटक जागा होतो. भातात ऊतीसंवर्धन करताना, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून रोपं वाढवताना, टॉस-१७ या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या प्रती वाढतात, हे १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं आणि पुढे त्याचाच उपयोग करून उत्परिवर्तित भाताचा मोठा संग्रह उभा केला.

रोपवाटिकांना यातलं तेलमाडाचं उदाहरण माहीत असायला हवं. ऊतीसंवर्धित तेलमाडाच्या काही झाडांना विकृत फळं येतात आणि तेल जवळपास मिळत नाही. त्यामागे कर्मा नावाच्या ट्रान्सपोझॉनवरच्या मिथाइल खुणा पुसल्या जाणं हे कारण आहे, असं २०१५ मध्ये सिद्ध झालं. मात्र ऊतीसंवर्धित केळीतल्या प्रत्येक वेगळ्या निघालेल्या रोपाचं खापर ट्रान्सपोझॉनवर फोडू नये. गुणसूत्रांतले बदल धरून इतरही कारणं असतात.

ट्रान्सपोझॉन असलेलं अन्न खाणं सुरक्षित आहे का?

हो. मक्याच्या प्रत्येक कणसात आणि चपातीच्या प्रत्येक घासात ते असतातच. अन्नातला डीएनए पचनात तुटून जातो.

जीनोम वाचताना पुनरावृत्तीचा त्रास का होतो?

जीनोम तुकड्या-तुकड्यांत वाचून मग जोडावा लागतो. हजारो तुकडे एकसारखे निघाले की कोणता कुठे लावायचा हे कळत नाही. गव्हाचा चांगला संदर्भ जीनोम यायला २०१८ उजाडलं, तोवर भाताचा येऊन तेरा वर्षं झाली होती. आता एकेका वाचनात हजारो अक्षरं सलग मिळतात, त्यामुळे गुणसूत्रबिंदूसारखे (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) अवघड भागही खुले होत आहेत. मक्याच्या गुणसूत्रबिंदूत १५६ अक्षरांचा तुकडा ओळीनं असतो, भाताच्या १५५ चा.

महाराष्ट्रात या विषयावर काम झालं आहे का?

झालं आहे, आणि बरंच आधी. डॉ. प्रभाकर रांजेकर यांनी १९७० च्या दशकात कॅनडातल्या लावाल विद्यापीठात राय, गहू आणि बार्लीच्या पुनरावृत्त डीएनएवर संशोधन केलं. नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी गट उभारला. त्या गटानं धागे सुटे करून पुन्हा जुळू देण्याच्याच पद्धतीनं भात आणि भरड धान्यांच्या जीनोमची रचना तपासली. जीनोम वाचायची यंत्रं हाताशी नव्हती त्या काळातलं हे काम आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. पुढे याच प्रयोगशाळेत हरभरा आणि भाताच्या वाणांची ओळख पटवण्यासाठी पुनरावृत्त तुकड्यांचा उपयोग झाला.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यानं सुरुवात कुठून करावी?

महागडं यंत्र लागत नाही. मक्याचा एडीएच-१ भोवतीचा पट्टा आणि ज्वारीचा तोच पट्टा सार्वजनिक संग्रहातून मोफत उतरवून घ्या. दोन्ही शेजारी मांडून ठिपक्यांचा आलेख काढा. जनुकं तिरप्या रेषेत जुळताना दिसतील आणि मक्याच्या बाजूला मोठाले खंड पडलेले दिसतील. त्यातल्या एका खंडातला रेट्रोट्रान्सपोझॉन निवडा, त्याची दोन टोकं शोधा, फरक हातानं मोजा आणि वय काढा. आधी जुन्या वेगानं, मग दुप्पट वेगानं. त्यानंतर त्याच्या पोटात आणखी कोणी आहे का ते बघा, आणि असेल तर त्याचंही वय काढा.